रेझूम: नऊ सेकंदांची वाफ आणि पुढचे तीन आठवडे

प्रोस्टेट ग्रंथी वाढली, गोळ्यांनी भागेनासं झालं, की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं: 'दुर्बिणीचं ऑपरेशन करून टाका.' म्हणजे टर्प, ज्यात ग्रंथीचा वाढलेला भाग खरवडून काढतात. लघवीची धार सुधारण्यात ते आजही खणखणीत आहे, पण त्यानंतर बहुतेक पुरुषांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. हे ज्याला नको असेल, त्याने रेझूम या वाफेच्या उपचाराचा विचार करावा. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये परवानगी मिळाली.

मूत्रमार्गातून दुर्बीण जाते, हँडपीसच्या, म्हणजे डॉक्टरांच्या हातातल्या उपकरणाच्या, टोकातून साधारण १० मिलिमीटरची सुई ग्रंथीत शिरते आणि १०३ अंश सेल्सिअसची वाफ ९ सेकंद सुटते. एका टोच्याला अर्धा मिलिलीटर पाणीही पुरे होतं. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, हे कुकरचं झाकण घाईने उघडणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. इथे तत्त्व तेच. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता पेशी मारते आणि शरीर त्या हळूहळू शोषून घेतं.

खरं कसब सुई कुठे टोचायची यात आहे. मूत्राशयाच्या तोंडापासून सुमारे १ सेंटिमीटर खाली सुरुवात करायची, पुढचे टोचे एकेका सेंटिमीटरवर द्यायचे आणि मूत्रमार्गातल्या व्हेरुमॉन्टॅनम या उंचवट्याच्या अलीकडे थांबायचं. त्यापलीकडे लघवी रोखून धरणारा स्नायू आहे. ९ सेकंद पुरे होण्याआधी सुई हलली, तर वाफ मूत्रमार्गात गळते: आग जास्त, उपयोग कमी. ग्रंथीचा मधला खंड मूत्राशयात डोकावत असेल तर त्यालाही वाफ देता येते. 'होऊन जाऊ दे' म्हणून चार टोचे जास्त दिले, तर मेलेलं ऊतक जास्त, सूज जास्त आणि लघवीची नळीही जास्त दिवस ठेवावी लागते.

आता तक्रारीचा भाग. रेझूमची जाहिरात 'काही मिनिटांत काम, त्याच दिवशी घरी' अशी होते. ते खरं आहे, पण अपुरं. वाफेने ग्रंथी आधी सुजते, म्हणून कॅथेटर (लघवीची नळी) साधारण ३ ते ७ दिवस ठेवावा लागतो. ग्रंथी मोठी असेल तर त्याहून जास्त. घाईने काढला की रात्री लघवी तुंबते आणि इमर्जन्सी गाठावी लागते. पुढचे दोन-तीन आठवडे जळजळ, घाई, थोडं रक्त, कधी पांढरट तुकडे. टॅमसुलोसिन ही लघवीची वाट सैल करणारी गोळी लगेच बंद करू नये. आराम साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर जाणवू लागतो आणि पूर्ण परिणामाला तीन महिने जातात. लग्नकार्य किंवा लांबचा प्रवास असेल तर तारीख पुढे ढकला.

टिकाऊपणा मात्र चांगला. मुख्य चाचणीत पाच वर्षांत ४.४ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, ११.१ टक्क्यांना पुन्हा गोळ्या. यूरोलिफ्टमध्ये छोट्या क्लिपा आणि दोरा लावून ग्रंथी बाजूला ओढून धरतात. आराम लवकर मिळतो, अनेकांना कॅथेटरही लागत नाही; पण त्याच्या चाचणीत पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रियेचं प्रमाण १३.६ टक्के होतं. क्लिप मूत्राशयाच्या फार जवळ बसली की तिच्यावर खडा धरतो. आठवड्याभरात कामावर हजर व्हायचं असेल तर यूरोलिफ्ट. महिनाभर कळ काढता येत असेल तर आमचा कौल रेझूमला.

पण आधी मोजमाप. रेझूमची चाचणी ३० ते ८० मिलिलीटरच्या ग्रंथींवर झाली. सोनोग्राफीत १२० आली असेल तर लेझरने ग्रंथी सोलून काढणाऱ्या होलेपकडे वळा. युरोफ्लो या धार मोजणाऱ्या तपासणीला किमान १५० मिलिलीटर लघवी हवी, नाहीतर धारेचा आकडा फसवा निघतो. जुना मधुमेह असेल तर मूत्राशयच थकलेलं नाही ना, हे मूत्राशयाचा दाब मोजणाऱ्या यूरोडायनॅमिक तपासणीने पाहा. तसं असेल तर वाट मोकळी करूनही धार येणार नाही. पीएसए या रक्ततपासणीतून आलेली कर्करोगाची शंका आधीच फेडून घ्या, कारण टर्पमध्ये निघालेले तुकडे तपासायला जातात, इथे काहीच हाती येत नाही. लघवीचा कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, तीही आधीच. संसर्ग असताना वाफ देत नाहीत.

हँडपीस एकदाच वापरायचा असतो. तो पॅकेजमध्ये आहे की बिलात वेगळा, हे विम्याची पूर्वपरवानगी मागण्याआधी लेखी विचारून घ्या.