जेवणाच्या टेबलासाठी चार नामवंत खुर्च्या : निवड बैठकीवरून करावी

जेवणाच्या टेबलासाठी नावाजलेल्या खुर्च्यांपैकी एखादी निवडायची झाली, की बहुतेकांची नजर आधी पाठीच्या आकारावर जाते. माझ्या मते निर्णय बैठकीवरून घ्यावा. चांगला लाकडी सांगाडा पिढीभर टिकतो, पण विणलेली बैठक त्याआधीच सैल पडते किंवा फाटते, आणि ती पुन्हा विणून देणारा माणूस आपल्या गावात सापडतो की नाही, यावरच खुर्ची वापरात राहणार की माळ्यावर जाणार हे ठरते. म्हणून येथे विणलेल्या बैठकीच्याच चार खुर्च्या घेतल्या आहेत : थोनेट कंपनीची क्रमांक १४, मार्सेल ब्रॉयरची चेस्का, हान्स वेग्नरची विशबोन आणि वास्तुविशारद पिएर जानरे यांची, चंदीगड शहरासाठी केलेली खुर्ची.

क्रमांक १४ ही १८५९ सालची. मिखाएल थोनेट यांनी बीच या झाडाच्या लाकडाच्या दांड्या वाफेवर मऊ करून वाकवण्याची रीत बसवली. वाकताना बाहेरच्या बाजूचे तंतू फाटू नयेत म्हणून त्या बाजूला पोलादी पट्टी घट्ट धरलेली असे. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात खुर्ची पुरी होई आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती दिसतात त्या काळसर खुर्च्या याच घराण्यातल्या, पण त्या सगळ्या थोनेटच्याच असतील असे समजू नये. १८६९ मध्ये पेटंट संपल्यावर अनेक कारखाने तशा खुर्च्या बनवू लागले. घर लहान असेल तर हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. रुंदी सुमारे ४३ सेंमी, म्हणजे दीड मीटर लांबीच्या टेबलाच्या एका बाजूला तीन खुर्च्या सहज बसतात, आणि ती एका हाताने उचलता येते. उणिवाही लपवण्यासारख्या नाहीत. वेताची गोल बैठक लहान असल्याने मांडी घालून बसता येत नाही, आणि सगळा भार स्क्रूंवर असल्याने ते अधूनमधून आवळावे लागतात. खुर्ची कुरकुरू लागली की लगेच आवळले तर सांधा वाचतो, नाहीतर भोके मोठी होत जातात.

विशबोनची गोष्ट वेगळी. मिंग काळातील चिनी खुर्च्यांवर बसलेल्या डॅनिश व्यापाऱ्यांची चित्रे पाहून वेग्नर यांनी १९४९ मध्ये तिची आखणी केली आणि १९५० पासून कार्ल हान्सेन अँड सन ही कंपनी ती अखंड बनवत आली आहे. वाकवलेली वरची दांडी पाठही होते आणि हातही, शिवाय हात आखूड असल्याने माणूस कुशीवर वळून, एक पाय वर घेऊन बसू शकतो. जेवणानंतर तासभर गप्पा रंगणाऱ्या घरात हे सुख मोठे आहे. बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते. कागद म्हटल्यावर दचकायला नको, कारण पीळ घातलेली ही दोरी चिवट असते आणि वर्षानुवर्षे टिकते. खरी अडचण आपल्या स्वयंपाकाची आहे. हळद घातलेल्या आमटीचा थेंब त्या फिकट विणीत एकदा मुरला, की पिळलेल्या फडक्याने तो फिका होतो, जात नाही. ही वीण ठाऊक असलेला कारागीरही आपल्याकडे सहजी मिळत नाही. रुंदी ५५ सेंमी असल्याने दीड मीटरच्या त्याच टेबलाच्या एका बाजूला दोनच खुर्च्या मावतात, आणि टेबलाच्या फळीखाली आडवी पट्टी असेल तर हात तिला अडतात का, हे आधी मोजून घ्यावे.

चेस्का १९२८ ची. वाकवलेली पोलादी नळी, मागचे पाय नाहीत, बैठक आणि पाठ बीचच्या चौकटीतल्या वेताची. नळी किंचित लवचिक असल्याने बसल्यावर हलका झोका मिळतो. मागचे पाय नसलेल्या खुर्चीची कल्पना डच वास्तुविशारद मार्ट स्टाम यांची, असा निवाडा जर्मन न्यायालयात झाला. त्यामुळे हीच खुर्ची नोल कंपनीकडे चेस्का म्हणून मिळते, तर थोनेटकडे एस ३२ या नावाने, स्टाम यांचा हक्क नोंदवून. समुद्रकाठच्या घरासाठी मी ती सुचवणार नाही, कारण खाऱ्या हवेत क्रोमवर गंजाचे ठिपके येतात. हातांशिवायच्या प्रकारात वृद्धांना उठताना आधारही मिळत नाही.

चंदीगडच्या खुर्चीला खारी हवा तितकी बाधत नाही. ती सागवानाची, बैठक वेताची, आणि सागवान दमट हवा आणि वाळवी दोन्ही चांगले सोसते. १९५० च्या दशकात सरकारी कचेऱ्या आणि विद्यापीठासाठी अशा खुर्च्या हजारोंनी बनल्या, पुढे मोडीत निघाल्या आणि मग परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. पाठीमागे रंगाने लिहिलेला खात्याचा क्रमांक हा आज त्यांचा मान झाला आहे. जुनी खुर्ची घेण्याच्या मोहात पडू नये : २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा वस्तूंच्या विक्रीला व निर्यातीला आळा घालणारा आदेश काढला, आणि नकलांचा बाजारही मोठा आहे. नवी खुर्ची भारतातल्या कार्यशाळांतही बनते. ती जड असते, रोज मागेपुढे सरकवताना हे जाणवते. पण रुंद हातांमुळे वृद्धांना उठायला ती चारांत सर्वांत सोपी.

वेताची खुर्ची घेण्यापूर्वी ती उलटी करून पाहावी. चौकटीला कडेने भोके असतील, तर वेत हाताने विणलेला आहे आणि आपल्याकडचा वेत विणणारा ती बैठक पुन्हा करून देईल; हे काम अनेक ठिकाणी अंध कारागीर स्पर्शाने, अत्यंत सफाईने करतात. भोकांऐवजी खोबण असेल, तर तयार विणलेला पट त्यात पट्टीने चेपून बसवलेला आहे आणि तसाच पट मिळवावा लागेल. आमच्या घरी कोणीतरी दिवा बदलायला वेतावर गुडघा टेकला आणि मधोमध भोक पडले. खुर्ची भोकांची होती म्हणून वाचली. नुसती सैल पडलेली बैठक मात्र कोणाकडे न्यावी लागत नाही. चकाकी नसलेल्या खालच्या बाजूने ओले फडके फिरवून रात्रभर वाळू दिले की ती ताणून बसते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात वेत कोरडा पडून तुटू नये म्हणूनही हाच उपाय चालतो.

लहान घर आणि वरचेवर पाहुणे असतील तर क्रमांक १४ घ्यावी, घरात वृद्ध असतील तर चंदीगडची. विशबोन दोनच घेऊन टेबलाच्या दोन टोकांना ठेवल्या आणि बाकीच्या जागी क्रमांक १४ ठेवल्या, तरी चालते. दोन्हींचे लाकूड वाफेवर वाकवलेले असल्याने त्या एकमेकींशेजारी परक्या वाटत नाहीत.