दऱ्या आणि दर्या : सात महिने ‘रिनेम’ वापरल्यानंतर

फोंड्याकडच्या आमच्या नाट्यमंडळाच्या जुन्या संहिता आणि रंगवलेल्या पडद्यांची छायाचित्रे संगणकावर लावून ठेवण्याचे काम गेले सात महिने माझ्याकडे आहे. फायलींची नावे मराठीत असून ती अनेकांनी वेगवेगळ्या कीबोर्डांवर टंकलेली आहेत. ‘दऱ्या’ असा शोध घेतला, तर डोळ्यांसमोर असलेली ‘दऱ्या-पडदा’ ही फाइल सापडत नसे, आणि कामाला खरी सुरुवात तिथूनच झाली. फायलींची नावे बदलणाऱ्या ‘रिनेम’ या आज्ञेपर्यंत मी पोहोचलो तो त्यातूनच.

‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह असते. ‘एलसी_ऑल=सी’ ठेवून (म्हणजे अक्षरांऐवजी त्यांचे कच्चे बाइट दिसतील अशी मांडणी करून) फायलींची यादी दाखवणारी ‘एलएस -बी’ ही आज्ञा चालवली तेव्हा देवनागरीच्या प्रत्येक अक्षरामागे ३४० ने सुरू होणारे तीन बाइट, म्हणजे अक्षर साठवण्याचे अष्टमान आकडे, दिसले आणि मध्येच एका ठिकाणी ३४२, २००, २१५ हे त्रिकूट आले. तोच तो जॉइनर.

फाइलचे नाव बदलणारी ‘एमव्ही’ ही साधी आज्ञा असताना वेगळे साधन कशाला, असे तेव्हा माझे मत होते. म्हणून ती प्रत्येक फाइलवर आपोआप चालवणारा एक लूप लिहून मी सगळे जॉइनर सरसकट काढून टाकले. जॉइनर गेल्यावर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो हे माझ्या लक्षातच आले नाही. समुद्राच्या पडद्याची ‘दर्या-पडदा’ ही फाइल त्याच फोल्डरमध्ये होती आणि ‘एमव्ही’ने काहीही न विचारता तिच्यावर डोंगरदऱ्यांचे चित्र लिहिले. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांच्या पेन ड्राइव्हवर प्रत होती, म्हणून ते छायाचित्र वाचले.

त्यानंतर मी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतले ‘रिनेम’ वापरू लागलो आणि माझे मत पूर्ण बदलले. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर ‘-एफ’ दिल्याशिवाय ते तिला हात लावत नाही. ‘-एन’ दिले, तर काहीही न बदलता जुने आणि नवे नाव दाखवते. आता मी जॉइनर काढत नाही; ‘र’, हलन्त आणि जॉइनर हा संपूर्ण गट शोधून त्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालतो. मराठीत हे न दिसणारे चिन्ह शुद्धलेखनाचा भाग असते, आणि इतर अक्षरांपुढे आलेला जॉइनर मी तसाच राहू देतो.

तक्रार मात्र आहे. फेडोरा या लिनक्स प्रणालीवर ‘रिनेम’ याच नावाचे दुसरे साधन मिळते आणि त्याला पर्लची पद्धत कळत नाही. त्याहून मोठी उणीव ‘-एन’च्या यादीची आहे, कारण तिच्यात जुने आणि नवे नाव हुबेहूब सारखे दिसते. जो बदल तपासायचा तोच दिसत नसेल, तर रंगीत तालीम अपुरीच राहते, म्हणून ती यादी मी प्रत्येक वेळी बाइटचे आकडे दाखवणाऱ्या ‘ओडी -सी’ या आज्ञेमधून काढतो. त्यात वेळ जातो. तरीही ३४२ चा आकडा स्वतः पाहिल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.