वंशावळीच्या गटात अकरा महिने: माझं झाड निम्मं कसं झालं

या गटाला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सात-आठ जण आपापले लॅपटॉप घेऊन एका सभासदाच्या घरी जमतात आणि दोन-तीन तास आपापल्या गेलेल्या माणसांबद्दल भांडतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या फाइलमध्ये 612 नावं होती. आज 274 आहेत. "छान गट आहे, जरूर जा" एवढंच सांगायचं असतं तर दोन ओळी पुरल्या असत्या. पण ही वजाबाकी कशी झाली ते सांगितल्याशिवाय गटाबद्दल काही सांगितल्यासारखं होणार नाही.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत तक्ता उघडला. बारा पिढ्या! समोर एक काका बसले होते, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेले. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. "हे कुठून कळलं?" मी म्हटलं, इंटरनेटवर एकांच्या झाडात होतं. "त्यांना कुठून कळलं?" मी गप्प. पुढचं नाव, तोच प्रश्न. त्याच्या पुढचं नाव, तोच प्रश्न. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही, नुसतं बोट सरकवत राहिले. वीस मिनिटांत सातव्या पिढीच्या वरचं सगळं हवेत लटकतंय हे मलाच दिसायला लागलं. घरी जाताना ठरवून टाकलं, परत काही इथे पाऊल टाकायचं नाही.

पुढच्या शनिवारच्या आधी मात्र मी फाइल उघडून बसले आणि स्वतःलाच तो प्रश्न विचारत सुटले. तीनशेहून जास्त नावं मी एका बटणावर उचलली होती. आडनाव जुळलं, गाव जुळलं, घेतलं आत. ज्यांच्या झाडातून घेतली त्यांनी ती आणखी कुणाच्या झाडातून घेतली होती, आणि त्या तिसऱ्यांनी, गंमत म्हणजे, माझ्याच जुन्या झाडातून. माझीच चूक फिरून माझ्याकडे पुरावा बनून आली होती. त्या रात्री ती सगळी नावं एका वेगळ्या फाइलमध्ये हलवली आणि तिला नाव दिलं 'ऐकीव'.

आता सॉफ्टवेअरबद्दल, कारण मी गटात गेले ती मुळात त्यासाठीच. आधी मी एका पैसे भरून वापरायच्या संकेतस्थळावर झाड ठेवलं होतं. तिथून माहिती बाहेर काढली तर देवनागरीत लिहिलेल्या प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. सहाशे माणसं आणि सगळ्यांचं नाव '????'. गटातल्या एका तरुण मुलीने ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायचा जेडकॉम नावाचा हा फाइलचा प्रकार म्हणजे निव्वळ मजकूर असतो हे तोवर मला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 0, 1, 2 असा पातळीचा आकडा, मग जन्म, मृत्यू, ठिकाण यांसाठी चार-चार अक्षरांची खूण, आणि पुढे माहिती. मॉर्मन चर्चने 1984 मध्ये हे काढलं, आणि आज जवळपास प्रत्येक वंशावळ-प्रोग्रॅमला ते वाचता येतं. त्याची 5.5.1 ही आवृत्ती 1999 मध्ये 'मसुदा' म्हणून आली आणि वीस वर्षं सगळं जग तो मसुदाच वापरत राहिलं. 2019 मध्ये कुठे तिला अंतिम म्हटलं गेलं. 2021 मध्ये 7.0 आली, तिच्यात युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावून घेणारा अक्षरसंच, सक्तीचा आहे. माझी प्रश्नचिन्हं मात्र साध्या कारणाने आली होती. फाइल काढताना अक्षरसंचाच्या खान्यात युटीएफ-8 या युनिकोडच्या पर्यायाऐवजी जुना पर्याय निवडलेला होता. तो बदलून पुन्हा काढली आणि सगळे पूर्वज आपापल्या नावानिशी परत आले. दीड वर्ष मी त्या संकेतस्थळाच्या मदत-कक्षाला पत्रं पाठवत होते. इथे दहा मिनिटं लागली.

गटात बहुतेक जण ग्रॅम्प्स नावाचा वंशावळ-प्रोग्रॅम वापरतात. फुकट आहे, 2001 पासून स्वयंसेवकांच्या जोरावर चाललंय, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि माहिती आपल्याच यंत्रावर राहते. मला ते हाताशी यायला दोन महिने लागले. माझ्या डोक्यात 'माणूस आणि त्याची जन्मतारीख' एवढाच साचा होता. इथे माणूस वेगळा, घटना वेगळी, ठिकाण वेगळं, कागद वेगळा, आणि त्या कागदातला नेमका उतारा आणखी वेगळा. सुरुवातीला हा शुद्ध छळ वाटतो. मग एक दिवस आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नोंद एकदाच केली आणि तिला जन्म, वडिलांचं नाव, राहण्याचं ठिकाण अशा तीन गोष्टी जोडल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शिवाय प्रत्येक उताऱ्याला 'किती भरवसा' याची पायरी देता येते, अगदी कमीपासून अगदी जास्तपर्यंत. तारखेला 'सुमारे', 'च्या आधी', 'या आणि त्या सालाच्या दरम्यान' असं लिहिता येतं. आपल्याला खरंतर किती कमी माहीत आहे हे लिहायला इतकी सोय मी दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रॅममध्ये पाहिली नव्हती.

एका बैठकीत काकांनी सरावासाठी इंग्लंडमधल्या जुन्या चर्चनोंदींसारखं एक कोडं घातलं: मुलाचा बाप्तिस्मा डिसेंबर 1720, दफन फेब्रुवारी 1720. म्हणजे पोर जन्मायच्या आधीच गेलं? आम्ही सगळ्यांनी 'लिहिणाऱ्याची चूक' म्हणून सोडून दिलं. तर तिकडे 1752 पर्यंत वर्ष 25 मार्चला बदलायचं. डिसेंबरनंतरची फेब्रुवारी त्याच सालात. नोंद बरोबर, चूक आमचीच. तेव्हापासून कुठलीही नोंद 'चुकीची' म्हणायच्या आधी माझी जीभ थोडी अडखळते.

गटात पूर्वजांना नावाने कमी आणि नंबराने जास्त ओळखतात. मिखाएल ऐत्सिंगर नावाच्या माणसाने 1590 मध्ये छापलेली पद्धत आहे ही, आणि अजून तिला तोड नाही. तुम्ही 1. वडील 2, आई 3. कुणाच्याही वडिलांचा नंबर दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे वडिलांचे वडील 4, त्यांचे वडील 8, आणि त्या पणजोबांची बायको, माझी पणजी, 9. हे सांगायचं कारण, गेले सहा महिने मला दारातून आत येताच पहिला प्रश्न विचारला जातो, "तुझ्या नऊ नंबरचं काय झालं?"

झालं असं. ग्रॅम्प्समध्ये माहिती पडताळून पाहायचं एक साधन आहे. लग्नाआधी मृत्यू, दीडशे वर्षांचं आयुष्य, आई फार लहान किंवा फार म्हातारी, असलं काही दिसलं की ते यादी काढून देतं. माझ्या फाइलवर चालवलं तर नऊ नंबरवर बोट: थोरला मुलगा झाला तेव्हा आईचं वय 11. पणजीच्या मृत्यूच्या नोंदीत वय दिलंय, त्यावरून तिचा जन्म सुमारे 1901 चा. आजोबांच्या थोरल्या भावाचा शाळेचा दाखला 1912 सांगतो. आजोबा स्वतः 1923 चे. दोन भावांत 11 वर्षांचं अंतर आहे हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. कुणालाच कधी ते खटकलं नव्हतं.

मी लगेच निष्कर्ष काढला: पणजोबांची दोन लग्नं, थोरला भाऊ पहिलीचा. काकांनी तिथेच लगाम खेचला. मृत्यूची नोंद मृत्यूच्या तारखेसाठी भरवशाची. पण वय कोणी सांगितलं? जी बाई गेली तिने तर नाही. सांगणारा पुतण्या असेल, शेजारी असेल, त्याने अंदाजाने गोल आकडा सांगितला असेल. त्यात दहा वर्षांचा फरक पडला तर तुझी सगळी गोष्ट कोसळते. बरोबर होतं. एकाच कागदावरची एक माहिती पक्की आणि दुसरी ऐकीव असू शकते, हे मी त्या दिवशी शिकले. त्याआधी कागद म्हणजे कागद, छापील म्हणजे खरं, असाच माझा हिशेब होता.

कुणीतरी डीएनए चाचणी सुचवली. त्या थोरल्या भावाचा नातू माझ्या संपर्कात आहे, तयारही होता. त्यावर ती तरुण मुलगीच म्हणाली, पैसे वाया जातील. पणजोबा-पणजी दोघंही एकच असतील तर आमच्या दोघांत सरासरी 3 टक्क्यांच्या आसपास डीएनए समान निघेल. पणजी वेगवेगळ्या असतील तर त्याच्या निम्मा. पण ही सरासरी झाली. प्रत्यक्षात दोन्हींचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एका जोडीच्या चाचणीवरून यातलं काहीच छातीठोकपणे सांगता येत नाही. जाहिराती पाहून मला वाटलं होतं की थुंकी पाठवली की प्रश्न सुटतो.

सुटला तो माझ्याच कपाटात. पणजोबांची दहा-बारा पत्रं चार वर्षांपूर्वी मी 600 डीपीआयने स्कॅन करून, नीट नावं देऊन ठेवली होती. वाचली मात्र नव्हती, अक्षर फारच किरटं. गटातल्या एका मावशींना जुनी हस्ताक्षरं लागतात. त्यांनी पडद्यावर मोठी करून एकेक शब्द सोडवला. 1919 सालच्या पत्रात, कसल्याशा देण्याघेण्याच्या मजकुरामध्ये, एक ओळ: पोर आईवाचून वाढतंय, त्याची काळजी लागून राहते. त्यावेळी थोरला सात वर्षांचा होता. माझी पणजी तर पुढे कितीतरी वर्षं जगली, आजोबांनी तिच्या हातचा मार खाल्लेला आहे. मावशींनी ती ओळ वाचली आणि खोलीत कुणीच काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "आता लिही. भरवसा: जास्त. 'अगदी जास्त' नको." पत्रात तिचं नाव नाही ना.

इतकं कौतुक झालं, आता तक्रारीही सांगते, कारण त्या खऱ्या आहेत. नवख्या माणसाला इथे कुणी हात धरून शिकवत नाही. तुम्ही बसता, ऐकता, अर्धं डोक्यावरून जातं. बैठकीचा विषय ठरलेला असतो आणि पाळला कधीच जात नाही. एक गृहस्थ दर वेळी आपल्या घराण्याचं मूळ एका राजघराण्याशी नेतात आणि चाळीस मिनिटं घेतात. त्यांना 'कुठून कळलं' हे विचारायला सगळे कंटाळले आहेत, काकासुद्धा. दोन बैठका आयत्या वेळी रद्द झाल्या आणि निरोप निम्म्यांनाच पोचला. गटाकडे स्वतःचं असं काहीच जपून ठेवलेलं नाही. मावशींनी सोडवलेल्या पत्रांचे उतारे ज्याच्या त्याच्या यंत्रावर आहेत, आणि एकाची हार्ड डिस्क बसली तेव्हा त्याच्या आजीच्या आवाजातली दीड तासाची मुलाखत तिच्याबरोबर गेली. दुसरी प्रत नव्हती. त्यानंतर आम्ही महिनाभर बॅकअपबद्दल फार तळमळीने बोललो. मी तीन प्रती ठेवते, त्यातली एक बहिणीच्या घरी. बाकीच्यांचं मला विचारू नका.

एकदा चांगलंच वाजलंही. एका सभासदाने आपली फाइल सगळ्यांना पाठवली, त्यात हयात माणसांच्या जन्मतारखा, लग्नं, घटस्फोट, सगळं तसंच. त्यांच्या भाचीला कळलं तेव्हा तिने जे सुनावलं ते योग्यच होतं. फाइल काढताना हयात व्यक्ती वगळायचा पर्याय असतो, एकेका नोंदीला 'खाजगी' अशी कुलुपाची खूणही लावता येते. दोन्ही गोष्टी त्यांना माहीत होत्या. घाई होती, म्हणाले.

नावांच्या स्पेलिंगचं दुखणं अजून संपलेलं नाही. उच्चारावरून नावं शोधायची साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे, 1918 च्या पेटंटची. पण ती रोमन अक्षरांसाठी आणि इंग्रजी उच्चारांसाठी बेतलेली. आमचं आडनाव रोमन लिपीत मला आतापर्यंत सात तऱ्हांनी लिहिलेलं सापडलंय आणि त्यातली दोन तिला वेगवेगळी माणसं वाटतात. मी प्रत्येक तऱ्हा 'पर्यायी नाव' म्हणून नोंदवते. कंटाळवाणं काम आहे, दुसरी वाट सापडलेली नाही. मॉर्मन चर्चच्याच फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट पाहता येणाऱ्या जुन्या मायक्रोफिल्म आहेत, 1938 पासून जमवलेल्या, त्यांतल्याही कितीतरी नोंदींना नावांची सूचीच नाही. पानामागून पान उलटावं लागतं. तिथे कुठलाच शोध-डबा कामाला येत नाही, डोळे आणि बैठक लागते.

कुणी जावं? ज्यांना संध्याकाळभरात भिंतीवर लावायचा भरगच्च तक्ता हवा आहे त्यांची इथे निराशा होईल, आणि त्यांच्यामुळे काकांचीही. ज्यांच्या घरी जुन्या कागदांची एखादी पेटी पडून आहे आणि ती उघडायला निमित्त लागतंय, त्यांनी जरूर जावं. लॅपटॉप साधा चालेल. पहिल्या दोन बैठकांत अपमान झाल्यासारखं वाटेल, तिसरीला जा.

'ऐकीव' फाइलमधून आत्तापर्यंत एकोणीस माणसं पुराव्यानिशी परत आली. आठ नंबरच्या शेजारी आता दोन बायका आहेत. एकीच्या खाली आजोबा, दुसरीच्या खाली त्यांचा थोरला भाऊ, आणि तिच्या नावाची जागा रिकामी. मृत्यूच्या तारखेत मी '1912 ते 1919 च्या दरम्यान' असं लिहिलंय. अजून सहा पत्रं वाचायची राहिली आहेत. मावशी म्हणाल्या, शनिवारी जरा लवकर ये.