तळटीप की कंस? लघुप्रबंधाला बसण्याआधी ठरवा

लघुप्रबंधात संदर्भ द्यायचे तर विषय गिरणगावच्या इतिहासाचा असेल तेव्हा तळटीप घ्या. लोकलच्या प्रवाशांचं सर्वेक्षण असेल तर कंस. विभागाने पद्धत ठरवून दिली असेल तर प्रश्नच नाही. निवड तुमच्यावर सोडली असेल तर माझा कौल हा.

कंसाची पद्धत, म्हणजे एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची शैली), आटोपशीर आहे. वाक्याच्या शेवटी आडनाव आणि साल, बाकी तपशील शेवटच्या यादीत. संशोधन किती ताजं आहे ते वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. म्हणूनच मानसशास्त्र, शिक्षणशास्त्रात ती रुळली. संदर्भ साठवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, यादीही तेच लावून देतं.

पण काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसलात की कंस अपुरा पडतो. तिथल्या कागदाला बऱ्याचदा लेखकच नसतो. असतो तो विभाग, खंड आणि वर्ष. हे सगळं तळटिपेत नीट मावतं. जुन्या मराठी पुस्तकांचंही तेच. मुखपृष्ठावर नुसतं ‘शके १८०५’ छापलेलं असतं. त्यात ७८ मिळवले की १८८३ येतं, पण पुस्तक माघ-फाल्गुनातलं असेल तर १८८४. तळटिपेत ‘शके १८०५ (इ.स. १८८३-८४)’ असं प्रामाणिकपणे लिहिता येतं. कंसात पुनर्मुद्रणाचं साल, समजा १९९१, एवढंच टाकलंत, तर शंभर वर्षांपूर्वीचा लेखक आजचा वाटतो. तिथे दोन्ही सालं द्याच.

उचलेगिरीच्या दंडाची भीती दोन्हीकडे सारखीच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांवर गेलं की लघुप्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ६० टक्क्यांवर गेलं तर नोंदणी रद्द. संदर्भासह दिलेली अवतरणं या मोजणीत धरत नाहीत. मला मात्र जास्त काळजी वाटते ती साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला सहसा न दिसणाऱ्या उचलेगिरीची. इंग्रजी लेखातला मुद्दा मराठीत उतरवला म्हणून तो आपला होत नाही. अवतरणचिन्हं नसली तरी मूळ लेखकाचं नाव तिथे हवंच.

पद्धत कुठलीही घ्या, पान क्रमांक मात्र पुस्तक समोर असतानाच टिपा. माझ्या प्रबंधातलं एक अवतरण मी पानाविना उतरवलं होतं. पुन्हा डोंबिवलीहून दादरला ग्रंथालयात गेले, तर पुस्तक बांधणीला गेलेलं. प्रबंध सादर करायला चार दिवस उरले होते. ते अवतरण मी काढून टाकलं, आणि त्याच्यावर उभा असलेला परिच्छेदही.