गळ्याची टोपली की खेळाचं तबक?

कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यातल्या योकुट्स या मूळ अमेरिकी लोकांच्या बायका या दोन्ही वस्तू एकाच रीतीनं विणत आल्या. गवताच्या काड्यांची जुडी वेटोळ्यानं फिरवत न्यायची आणि आरीनं भोक पाडून लव्हाळ्याच्या मुळाच्या पट्टीनं टाचायची.

गळ्याची टोपली म्हणजे फुगीर पोटाची, वर अरुंद गळा असलेली. तिच्यात कस लागतो तो खांद्यापाशी. पोट फुगत आलेलं असतं आणि वेटोळं एकदम आत, जवळजवळ आडवं वळवायचं. त्या कडेवर लाव्याच्या तुऱ्याची काळी पिसं खोचलेली. ही मानाची, समारंभाची.

तबक सपाट, रुंद. त्यावर बायका अक्रोडाच्या अर्ध्या कवचांचे फासे टाकत. कवचांत राळ किंवा डांबर भरून शिंपल्याचे चकाकते तुकडे बसवलेले. तबकावरची नक्षी बहुतेकदा रॅटलस्नेक या विषारी सापाच्या पाठीवरची.

दोन्हींतलं काय आवडतं, मला विचाराल तर तबकच. पिसांच्या टोपलीला हात लावायची भीती वाटते बुवा!