लुई एसनची ‘द ड्रोव्हर्स’: सहा महिन्यांच्या तालमींनंतर

पहिल्या वाचनात ही एकांकिका चटकन संपते आणि हाती फारसं लागत नाही. तालमीत उभी केली की ती उलगडते. ऑस्ट्रेलियन नाटककार एसनचं (1878–1943) दुसरं काही करण्याआधी हीच करावी.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बार्कली पठाराच्या कडेला गुरं हाकणाऱ्यांचा तळ आहे. कळप उधळतो आणि जुनाजाणता ब्रिग्लो बिल जबर जखमी होतो. तो वाचणार नाही, हे त्यालाही कळतं. गुरांना पाण्यापर्यंत न्यायलाच हवं, म्हणून म्होरक्या मके त्याला तिथंच सोडून निघतो. सोबतीला राहतो पिजन, आदिवासी मुलगा.

गडबड निरोपात होते. नट गहिवर आणतात, आणि एसननं तो लिहिलेलाच नाही. रडारड झाली की प्रेक्षक विचारतो, मग थांबत का नाहीत? मके उगाच निर्दय ठरतो. म्हणून आधी पाण्याची निकड सगळ्यांच्या अंगात मुरवा, मग हातांना काम द्या. खोगिराचा पट्टा ओढता ओढता वाक्य म्हणायचं, बक्कल लागेपर्यंत मान वर करायची नाही. एवढ्यानं प्रसंग बदलतो. पार्श्वसंगीत नको, लांबून कळपाचा आवाज पुरे.

भाषांतरात सगळ्यात जपायचं ते पिजनला. त्याची मोडकी इंग्रजी बोबड्या मराठीत आणली की हशा पिकतो आणि शेवट मातीत जातो. त्याची वाक्यं छोटी पण सरळ ठेवा. नटाचं तोंड काळं रंगवणं तर मुळीच नको. बाकीच्यांनाही गावरान बोली देऊ नये, पठार लगेच घाटावर येतं.

हा संयम कुठून आला, ते एसनच्या डब्लिनवारीत दिसतं. तिथं तो यीट्स आणि सिंग या आयरिश नाटककारांना भेटला, आणि आपल्या मातीतलं लिहायचं हे मनात धरून परतला. 1922 मध्ये व्हान्स पामर आणि स्ट्युअर्ट मॅकी यांच्यासोबत त्यानं मेलबर्नमध्ये ‘पायोनियर प्लेयर्स’ ही नाटकमंडळी उभी केली. ती 1926 पर्यंतच टिकली, याची हळहळ वाटते.

नंतर ‘द टाइम इज नॉट येट राइप’ (1912) घ्या. पंतप्रधानांची मुलगी डोरिस आणि तिचा समाजवादी वाग्दत्त वर सिडनी बॅरेट एकाच मतदारसंघातून परस्परांविरुद्ध उभे राहतात. चार अंकी आहे, माणसं भरपूर लागतात आणि त्या काळच्या राजकारणाचे संदर्भ छाटावे लागतात.

परवानगीची अडचण नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे मूळ संहिता 2004 पासून मोकळी आहे. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा मात्र तशा मोकळ्या धरू नका.