अकरावीच्या यांत्रिकीची उजळणी : सोलापुरातील एक वर्ग

सात रस्त्याजवळच्या या उजळणी वर्गात माझ्या मुलीने यांत्रिकीचे मूलभूत धडे पुन्हा गिरवले. येथे सूत्राआधी संकल्पना येते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. १० किलोग्रॅम ज्वारीचे वजन पृथ्वीवर सुमारे ९८ न्यूटन, तर चंद्रावर त्याच्या साधारण एक-षष्ठांश भरेल, वस्तुमान मात्र दोन्हीकडे तेवढेच राहील, हे सरांनी गणितासह दाखवले. क्रिया आणि प्रतिक्रिया ही बले वेगवेगळ्या वस्तूंवर कार्य करतात, म्हणूनच ती एकमेकांना रद्द करत नाहीत, हा नेहमी निसटणारा मुद्दा त्यांनी प्रत्येक वस्तूची स्वतंत्र बल-आकृती, म्हणजे तिच्यावरची बले बाणांनी दाखवणारे चित्र, मुलांकडूनच काढून घेऊन पक्का केला. इतक्या चिकाटीने शिकवणारे शिक्षक विरळाच. घर्षण मात्र घाईत उरकले गेले. स्थितिक (वस्तू स्थिर असतानाच्या) आणि गतिज (ती सरकत असतानाच्या) घर्षणातील फरकावर आणखी उदाहरणे सोडवून घ्यायला हवी होती.